अमेरिकेत कॉलेजात कारवाई झाली असेल, तर मेडिकलच्या अर्जात सांगावं का?

तुमचा प्रश्न असा : मुलीवर दुसऱ्या वर्षी लॅब रिपोर्ट कॉपी केल्याबद्दल कारवाई झाली, एक सेमिस्टर प्रोबेशन (ताकीद देऊन नजरेखाली ठेवणं) मिळालं, पण ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर, त्याची खूण नाही. मग अर्जात कशाला लिहायचं?

लिहायचंच. एमडीच्या (तिथली डॉक्टरकीची मूळ पदवी) बहुतेक कॉलेजांचे अर्ज ज्या एमकॅस या सामाईक अर्जव्यवस्थेतून जातात, त्यातला ‘इन्स्टिट्यूशनल अ‍ॅक्शन’चा (कॉलेजने केलेल्या कारवाईचा) प्रश्न मुद्दाम ऐसपैस ठेवलेला आहे. नोंद ट्रान्सक्रिप्टवर नसली, किंवा कॉलेजने नंतर पुसून टाकली असली, तरी उत्तर ‘हो’ द्यायचं, असं तिथेच स्पष्ट सांगितलंय. गैरवर्तनच नव्हे, कमी ग्रेड्समुळे लागलेलं अ‍ॅकॅडेमिक प्रोबेशनही त्यात येतं, आणि नेमकं हेच अनेकजण विसरतात. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’समोर डोळे मिटून ‘चांगली’ लिहितात. तो हिशेब इथे चालत नाही.

पण खुलाशाचा मजकूर लिहायला बसण्याआधी कॉलेजकडून कारवाईची फाईल मागवा. फर्पा या १९७४च्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची नोंद पाहण्याचा हक्क आहे, आणि कॉलेजला ती ४५ दिवसांच्या आत दाखवावी लागते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला अर्ज करायचा तर मागणी मार्चमध्येच जाऊ द्या. ईमेल मुलीनेच करायचा. कॉलेजात गेल्यावर हा हक्क तिचा असतो, आईवडिलांचा नाही. स्टुडंट कंडक्ट ऑफिसला दोन गोष्टी विचारायच्या : निर्णयपत्रात नेमका कोणता नियम मोडल्याचं लिहिलंय, आणि मेडिकल स्कूलने चौकशी केली तर तुम्ही काय कळवता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखीच घ्या. हॉस्टेलच्या खोलीत बिअर सापडली आणि आरएने (हॉस्टेलवर देखरेख करणारा सीनियर विद्यार्थी) तोंडी समज दिली, अशा प्रकरणात ती ‘कारवाई’ धरायची की नाही, हेही याच उत्तरातून कळतं.

अर्जात खुलाशाला जागा १३२५ अक्षरांची, मोकळ्या जागा धरून. म्हणजे इंग्रजीत जेमतेम दोनशे शब्द. पहिल्या दोन-तीन वाक्यांत सेमिस्टर, विषय, काय केलं आणि काय शिक्षा झाली एवढं सरळ सांगायचं. मग एका वाक्यात चूक आपली होती हे. उरलेली जागा पुढे काय बदललं यासाठी, तेही दाखवता येईल असं : त्यानंतर केलेले लॅब कोर्स, टीए (प्राध्यापकाचा शिकवण्यातला मदतनीस) म्हणून मिळालेलं काम, त्याच विभागातल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र. ‘मी खूप शिकले’ या वाक्याला काडीची किंमत नसते.

खुलासा फसतो तो बहुधा शब्दांमुळे. निर्णयपत्रात ‘प्लेजरिझम’ (दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देणं) लिहिलेलं असताना अर्जात ‘संदर्भ देताना झालेला गैरसमज’ असं आलं, की वाचणारा मूळ चूक विसरतो आणि या मखलाशीकडे बघू लागतो. लॅब पार्टनरवर ढकलणं, प्राध्यापक कडक होते म्हणणं, याचाही परिणाम तोच. वकिलाकडून किंवा बाबांकडून लिहून घेतलेला मजकूरही ओळखू येतो. इंटरव्ह्यूत हा प्रश्न आला तर दीड-दोन मिनिटांत, याच क्रमाने, न रडता सांगता आला पाहिजे.

नुकसान किती, हे प्रकारावर आणि काळावर ठरतं. पहिल्या वर्षातली एखादी बिअर, नीट सांगितलेली, सहसा आडवी येत नाही. कॉपीचं प्रकरण जड, कारण पुढे ही व्यक्ती पेशंटच्या केसपेपरवर लिहिणार असते. तुमच्या मुलीचं दुसऱ्या वर्षातलं आहे आणि मागे-पुढे काही नाही, तर दार बंद झालेलं नाही. हेच शेवटच्या वर्षात झालं असतं, तर मी अर्ज एक-दोन वर्षं पुढे ढकलायला सांगितलं असतं. आणि अर्ज गेल्यानंतर नवीन काही घडलं, तर कामाच्या १० दिवसांत सगळ्या स्कूलना कळवावं लागतं.

धाकटा लॉला जाणार आहे म्हणालात. तिथे प्रत्येक लॉ स्कूल आपला प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतं. कुणी फक्त शिक्षा विचारतं, कुणी सुटका झालेली तक्रारही. त्यामुळे एकच उत्तर सगळीकडे चिकटवू नका. पुढे बारच्या, म्हणजे वकिलीची सनद देताना होणाऱ्या, चौकशीत लॉ स्कूलचा जुना अर्ज ताडून पाहिला जातो, म्हणून भरलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत जपून ठेवायला सांगा. काही राहून गेलंय असं लक्षात आलं, तर बारचा अर्ज भरण्याआधी लॉ स्कूलला लेखी कळवून तिथला जुना अर्ज दुरुस्त करून घ्यायचा.