समुद्रकाठच्या गावात एक सेमिस्टर: पालक-विद्यार्थ्यांचे प्रश्न

वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ या गावी सप्टेंबरपासून एक सेमिस्टर शिकायला जाण्याबद्दल यंदा नागपुरातल्या बऱ्याच जणांनी विचारलं. त्यातले हे चार प्रश्न.

लंडन सोडून एवढ्याशा गावात कशाला जायचं? (विद्यार्थिनी, धरमपेठ)

मी तर छोटं गावच निवड म्हणेन. बर्मिंगहॅमहून निघालेली गाडी साधारण तीन तासांनी इथे पोचते आणि रूळ इथेच संपतात. विद्यापीठ १८७२ चं. टेकडीवर वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या कुठल्याही पुस्तकाची प्रत मागून घेण्याचा त्याला कायद्याने हक्क आहे. मोठ्या शहरात चार महिने रस्ते समजण्यातच जातात. इथे दुकानदाराला वेल्शमध्ये 'दिओल्ख', म्हणजे 'आभारी आहे', म्हणून बघ. पुढच्या खेपेला तो तुला ओळखेल.

तिथले क्रेडिट (विषयांचे श्रेयांक) इथे धरतात का? (वडील, मनीषनगर)

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो लोक परत आल्यावर विचारतात. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला उत्तम गुण होते, पण कॉलेजने तोंडी 'हो, होऊन जाईल' म्हटलं होतं. आल्यावर दोन विषय पुन्हा द्यावे लागले. त्याचा तो उतरलेला चेहरा मी विसरलेलो नाही. ब्रिटनमध्ये पूर्ण सेमिस्टर ६० क्रेडिटचं असतं, युरोपीय मोजणीत ३०. आपल्याकडे ते २०-२२ च्या आसपास. आकडे जुळत नाहीत, म्हणून परीक्षा विभाग अडतो. निघण्याआधी प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि तासांचा हिशेब विभागप्रमुखांपुढे ठेवा आणि कुठल्या विषयाबदली कोणता विषय धरणार, हे सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. तिथे जाऊन विषय बदलला, तर त्याच आठवड्यात मेलवर नवी मंजुरी मागा.

तिथे पार्टटाइम काम करून खर्च निघेल? (विद्यार्थी, सदर)

नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणासाठी व्हिजिटर व्हिसावर जाता येतं, पण त्यावर कामाला बंदी आहे, विद्यापीठातल्या कामालासुद्धा. या व्हिसाला टीबीची चाचणी लागत नाही, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचा अधिभारही नाही. म्हणूनच विमा मात्र चांगला काढ.

मुलीला तिथली थंडी सोसेल का? एकटी पडेल का? (आई, प्रतापनगर)

ताई, पारा आपल्या डिसेंबरपेक्षा बराच खाली जातो, शिवाय आपल्याकडे दुपारी ऊन असतं. तिथे ओला वारा असतो. छत्री उलटी होते. टोपीचा, पाणी न शिरणारा कोट द्या. जानेवारी २०१४ च्या वादळात लाटांनी किनाऱ्यावरचा रस्ता उखडला होता आणि समोरच्या वसतिगृहांतली मुलं हलवावी लागली होती. वादळाचा इशारा असेल तेव्हा किनाऱ्यावर फिरायला जायचं नाही, हे तिला बजावून सांगा. आपल्या फुटाळा तलावाचं पाणी जागच्या जागी असतं, समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते.

खरा त्रास अंधाराचा. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मुलं खोलीत कोंडून घेतात. त्या वेळी रोज बाहेर पडायचं, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. हिवाळ्यात संध्याकाळी जुन्या धक्क्यावर स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे येतात. आपल्या ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांचे हे भाऊबंद. हजारोंनी वळसे घेतात, आणि मग एकदम धक्क्याखालच्या लोखंडी खांबांत शिरतात. तेव्हा तिला व्हिडिओ कॉल करायला सांगा. तिथे चार वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, तुमची जेवणंही आटोपलेली असतील.