शीत आयन शोधताना
मॅग्नेटोपॉजजवळ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या बाहेरच्या सीमेजवळ, यानावरील उपकरणाला शीत (अगदी कमी ऊर्जेचे) आयन दिसले नाहीत, म्हणून ते तिथे नव्हतेच, असा निष्कर्ष घाईने काढू नका. सूर्यप्रकाशामुळे इलेक्ट्रॉन गमावून यान धनभारित होते आणि मोजक्या इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे आयन त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. २०१५ मध्ये सोडलेल्या एमएमएस या नासाच्या मोहिमेच्या चारही यानांवर इंडियम धातूचे आयन बाहेर फेकून यानाचा हा धन विभव (व्होल्टेज) आटोक्यात ठेवण्याची सोय आहे, ती याचसाठी. प्लाझ्मा तरंगांच्या वारंवारतेवरून मिळणारी इलेक्ट्रॉन-घनता उपकरणाने मोजलेल्या आयन-घनतेशी ताडून पाहा; आयन कमी भरले, तर उरलेले नजरेआड आहेत. मला हीच तुलना सर्वांत विश्वासार्ह वाटते. सीमा हलली की हे आयन प्रवाहाचा वेग घेऊन अचानक दिसू लागतात, आणि वेग समान असल्याने हेलियम आयनाची ऊर्जा प्रोटॉनच्या चौपट भरते. ऊर्जेच्या आलेखात दिसणाऱ्या हेलियमच्या त्या वरच्या पट्ट्याला तापलेले प्रोटॉन समजण्याची चूक नवखे हमखास करतात.