आवाज थांबले, पण अभ्यास डोक्यात राहत नाही

सायकोसिस (नसलेले आवाज ऐकू येणं, उगाच संशय येणं असा मनाचा आजार) आटोक्यात आल्यावरही मेमरी आणि लक्ष कमी पडतं, या एकाच विषयावरची चार पत्रं या वेळी आली, म्हणून उत्तरं एकत्रच देतेय. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न: मुलगा २० वर्षांचा आहे. गेल्या वर्षी सायकोसिसचा पहिला एपिसोड आला, आवाज ऐकू यायचे, कोणीतरी पाळत ठेवतंय असं वाटायचं. गोळ्यांनी ते सगळं थांबलं, आता बरेच महिने ठीक आहे. पण कॉलेज परत सुरू केल्यापासून वाचलेलं लक्षात राहत नाही, तीन कामं सांगितली की एकच करून येतो, साधं उत्तर द्यायलाही वेळ लावतो. घरचे म्हणतात आजार गेला, आता नुसता आळस आणि मोबाईल. सायकॉलॉजिस्ट कॉग्निटिव्ह स्क्रीनिंग, म्हणजे मेमरी, लक्ष आणि डोक्याच्या स्पीडची छोटी तपासणी, करू म्हणतायत. बुद्धी कमी असल्याचा शिक्का बसेल अशी भीती वाटते. करावी का? – एक आई

उत्तर: करा. आणि घरात तो आळस शब्द आजपासून बंद करा, प्लीज. तुम्ही जे लिहिलंय ना, वाचलेलं न राहणं, एका वेळी अनेक सूचना न धरता येणं, उत्तराला वेळ लागणं, हे सगळं सायकोसिसमध्ये इतकं कॉमन आहे की मला तुमचं पत्र वाचून जराही आश्चर्य वाटलं नाही. पहिल्या एपिसोडच्या मुलांचे स्कोअर त्यांच्या वयाच्या निरोगी मुलांपेक्षा सरासरीने साधारण १ स्टँडर्ड डेव्हिएशन खाली असतात, म्हणजे १०० निरोगी मुलं स्कोअरप्रमाणे रांगेत उभी केली तर शेवटून सोळाव्याच्या आसपास. सरासरी हं, काहींचे स्कोअर अगदी नॉर्मल येतात, म्हणून तर प्रत्येकाचं वेगळं बघायचं. जास्त फटका बसतो तो डोकं चालण्याच्या स्पीडला आणि ऐकलेलं-वाचलेलं लक्षात ठेवण्याला, शिवाय लक्ष टिकवणं आणि कामाची आखणी करणंही अवघड जातं. यातलं बरंच आवाज सुरू व्हायच्या आधीच थोडंथोडं सुरू झालेलं असतं, दहावी-बारावीत मार्क अचानक घसरले होते का ते आठवून बघा. आणि गोळ्या आवाजांवर, संशयावर छान काम करतात पण या भागावर त्यांचा फार उपयोग होत नाही, म्हणूनच बाहेरून मुलगा बरा दिसतो आणि वर्गात मात्र अडकतो.

शिक्क्याचं म्हणाल तर ही आयक्यू टेस्ट नाही आणि यावरून कुठलं नवीन निदानही होत नाही. शब्दांची यादी ऐकून परत सांगायची, आकडे उलटे म्हणायचे, किंवा कुठल्या चिन्हाला कुठला आकडा हे वर दिलेल्या तक्त्यात बघून दीड-दोन मिनिटांत जमतील तितक्या चिन्हांखाली आकडे भरायचे, असे प्रकार असतात. हा शेवटचा दिसायला पोरखेळ आहे पण स्पीडमधला फरक सगळ्यात चांगला तोच पकडतो. छोटी स्क्रीनिंग १०-१५ मिनिटांत होते, बॅक्स नावाची जरा मोठी टेस्ट अर्ध्या तासाच्या आसपास घेते आणि मॅट्रिक्स नावाचा पूर्ण संच, १० टेस्ट असलेला, तासाच्या वरच जातो. सहसा आधी छोटी करतात आणि काही खटकलं तर मोठी.

मी तुमच्या जागी असते तर सायकॉलॉजिस्टना एकच विचारलं असतं, रिझल्ट आल्यावर याच्यासाठी काय बदलणार? उत्तर नुसतं 'फाईलला लावू' असेल तर मग त्या टेस्टचा मुलाला काय फायदा. पण कॉलेजला परीक्षेत जास्त वेळ मागायला पत्र देऊ, विषय कमी घेऊन सुरुवात करू, सूचना लिहून द्यायला सांगू असं काही असेल तर जरूर करा. बाकी टेस्टआधी त्यांना झोप, गांजा किंवा दारू, डिप्रेशन, डोक्याला झालेली जुनी इजा, शाळेपासूनचा लिहिण्या-वाचण्याचा त्रास हे सगळं मोकळेपणाने सांगा कारण यातलं काहीही स्कोअर खाली ओढू शकतं. आणि टेस्ट त्याच्या सवयीच्या भाषेत व्हायला हवी, नाहीतर मेमरीऐवजी भाषाच तपासली जाईल.

प्रश्न: भावाची एका ठिकाणी १० मिनिटांची, ३० मार्कांची टेस्ट घेतली. २८ आले, नॉर्मल म्हणाले. पण त्याला ऑफिसचं काम जमतच नाहीये. मग खरं काय? – बहीण

उत्तर: वर्णनावरून ती मोका टेस्ट वाटते. ती बनली मुख्यतः वयस्कर लोकांमधला विसराळूपणा लवकर ओळखायला, तिथे २६ किंवा त्याहून जास्त मार्क नॉर्मल धरतात. पंचविशीतल्या मुलाला घड्याळाचं चित्र काढ, आज तारीख काय असं विचारलं तर तो बहुतेक सगळं बरोबर सांगणारच ना, त्यामुळे २८ वरून फार काही कळत नाही. सायकोसिससाठी बनवलेली, वय आणि शिक्षणाप्रमाणे तुलना करणारी टेस्ट मागा. आणि कामावर नेमकं कुठे अडतं ते दोन-तीन उदाहरणांसकट लिहून न्या, मला तर त्या कागदाची किंमत स्कोअरइतकीच वाटते.

प्रश्न: ताई, मी २३ चा आहे. माझी टेस्ट झाली, मेमरी आणि स्पीड दोन्ही कमी आलं. माझा मेंदू हळूहळू संपत चाललाय का? गोळ्या बंद केल्या तर सुधारेल का?

उत्तर: नाही रे. पहिल्या एपिसोडनंतर बहुतेकांचे स्कोअर पुढची काही वर्षं साधारण तिथेच राहतात, काहींचे थोडे वर पण येतात, घसरतच जातील असं समजू नकोस. गोळ्या मनाने बंद करू नकोस, एपिसोड परत आला तर अभ्यास आणि नोकरी दोन्ही परत मागे जातं. पण डॉक्टरांना एक नक्की विचार, हात थरथरतात किंवा अंग आखडतं म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी चालू आहे का, आणि असेल तर ती अजून लागते का. ती मेमरीला जड जाते आणि कधीकधी गरज संपली तरी प्रिस्क्रिप्शनमध्ये तशीच राहून जाते. दिवसभर गुंगी येत असेल तर तेही सांग, डोस किंवा वेळ बदलता येतो.

खास या तक्रारीसाठी मंजूर झालेली गोळी अजून नाही. उपयोग होतो तो कॉग्निटिव्ह रेमिडिएशनचा, म्हणजे थेरपिस्टसोबत बसून सराव करायचा आणि लक्षात ठेवायच्या युक्त्या शिकायच्या. चमत्कार होत नाही, सुधारणा थोडी ते मध्यम असते, पण सोबत अभ्यासाची किंवा नोकरीची मदत मिळाली तर फरक रोजच्या जगण्यात दिसतो. नुसतं एकट्याने मोबाईलवर ब्रेन गेम खेळून माणूस त्या गेममध्येच हुशार होतो. दम लागेल असा नियमित व्यायामही मेमरी आणि लक्षासाठी चांगला.

प्रश्न: टेस्टच्या आधी घरी प्रॅक्टिस करून घेऊ का? – बाबा

उत्तर: नको. प्रॅक्टिसने स्कोअर फुगतो आणि मग खरी अडचण दिसतच नाही, म्हणून तर परत टेस्ट घेताना काही महिने मध्ये सोडतात आणि शब्दांची यादी बदलतात. रात्री झोप नीट होऊ द्या, रोजची गोळी रोजच्याच वेळेला द्या, चष्मा असेल तर सोबत न्या. आणि त्या दिवशी आवाज किंवा संशय परत जोरात असेल तर फोन करून तारीख पुढे घ्या.