कैदी, बंदी की गुन्हेगार?

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारलंय की बातमीत कधी 'कैदी' असतं, कधी 'बंदी', कधी 'कच्चा कैदी', मग सरळ 'गुन्हेगार' लिहिलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं ताई. कच्चा कैदी म्हणजे ज्याची केस अजून चालू आहे, जामीन झाला नाही किंवा जामिनाला उभा राहणारा माणूसच मिळाला नाही म्हणून जो आत आहे तो. 2022 च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या तुरुंगांत शंभरातले जवळपास 76 असेच होते. त्यांना गुन्हेगार म्हणायचं म्हणजे कोर्टाच्या आधी आपणच निकाल लावून मोकळं व्हायचं.

'कैद' हा अरबीतला, मूळ अर्थ बेडी. 'तुरुंग' पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आलाय, त्रोंको म्हणजे झाडाचं खोड आणि पाय अडकवायचा लाकडी सापळा पण, आणि बघा ना, आपल्याकडेही खोड आणि खोडा! सरकारी कागदावर आता 'बंदी' लिहितात, अर्थ तोच, पण कैदी शब्दाला जो वास चिकटलाय तो याला अजून नाही, म्हणून मी बंदीच वापरते.

मला मात्र क्रियापदं जास्त बोलकी वाटतात. आमच्या सांगलीत 24 जुलै 1943 ला वसंतदादा आणि त्यांच्या साथीदारांनी तुरुंग 'फोडला', हे आम्ही लहानपणापासून असंच ऐकतोय, 'पळाले' कुणी म्हणत नाही. आज कुणी तसा बाहेर पडला तर तो 'पसार'. स्वातंत्र्यसैनिकांनी तुरुंगवास 'भोगला', बाकीचे 'हवा खाऊन आले', 'खडी फोडायला गेले', 'बिनभाड्याच्या खोलीत' राहिले. भिंती त्याच की हो!

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर घ्या, औंध संस्थानानं 1939 मध्ये वसवलेलं, शिक्षा झालेली माणसं तिथं बायकापोरांसकट राहून शेती करायची, आणि त्याला नाव देताना तुरुंग हा शब्दच घेतला नाही, पार उलटा शब्द घेतला. नाव ठेवणाऱ्याला मनापासून नमस्कार.

सुटून आलेल्याला काय म्हणायचं, तिथं तर मराठी अडते. 'सुटलेला कैदी', 'माजी कैदी', म्हणजे सुटला तरी कैदी आहेच. माझ्या ओळखीचे एक सुतारकाका आहेत, सात वर्षं काढून आलेत, त्याला आता दहा वर्षं झाली तरी गल्लीत "कोण ते, जेलमधले का?" असंच विचारतात. स्वतः ते कैदी, तुरुंग, शिक्षा यातला एकही शब्द वापरत नाहीत. घरात बोलताना "मी आत होतो तवा पोरगी चालायला लागली" म्हणतात. आमच्या दाराची चौकट बसवताना मी सहज विचारलं, काका हे काम शिकलात कुठं, तर रंधा न थांबवता म्हणाले, "बाहेरगावी होतो काही वर्षं, तिथं."