कपाळावर कोणाचं नाव?

“रोज रामरक्षा म्हणते, तरी धास्ती जात नाही. माझं कुठे चुकतंय का?” हा प्रश्न मी इतक्या जणींकडून ऐकलाय की, एकीची गोष्ट ओळख पुसून इथे सांगते.

तिचे वडील रात्री गेले. ती तेव्हा दुसऱ्या गावी होती, फोनवरच कळलं. तेव्हापासून फोन वाजला की घसा कोरडा पडायचा. घरच्यांना काही होऊ नये म्हणून तिने रामरक्षा धरली. एक अक्षर अडखळलं की पुन्हा पहिल्यापासून. अडतीस श्लोकांना दीड तास लागू लागला. हा मंत्रचळ होता, म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार. मी आधी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषध सुरू झालं. श्रद्धा आहे म्हणून औषध नको, असं मी कुणालाच सांगत नाही.

पण स्तोत्र सोडा, असंही मी म्हणाले नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत विचारलं, “बुधकौशिक ऋषींनी डोक्यापासून पायांपर्यंत एकेक अवयव रामाच्या वेगळ्या नावाकडे सोपवलाय. कपाळ कोणाकडे?”

मधूनच आठवेना. ओठ हलवत ती सुरुवातीपासून आली. “भालं दशरथात्मजः.”

“म्हणजे?”

“दशरथाचा मुलगा.”

“दशरथ गेले तेव्हा हा मुलगा कुठे होता?”

ती गप्प झाली. सवयीने कपाळाला लावलेलं बोट तिथेच राहिलं. मीही बोलले नाही. अशा वेळी घाई केली की सगळं हातचं जातं, हे मी वर्षानुवर्षांच्या कामातून शिकलेय.

“वनात,” ती म्हणाली. “तोही नव्हता जवळ.” मग एकदम, “त्याला भरताने सांगितलं ना? आणि कंठाला भरतवंदितच आहे! कण्ठं भरतवन्दितः.”

तिचा हात गळ्यावर गेला आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदा ती माझ्यासमोर मोकळेपणी रडली.

ही जोडी मलाही तोवर दिसली नव्हती. लहानपणापासून पाठ असलेलं स्तोत्र मला त्या दुपारी नव्याने कळलं. आपण कवच म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर दुःखाला बाहेर अडवणारी भिंत असते. इथली नावं मात्र दुःख भोगून आलेल्याची आहेत. वाल्मीकींचा राम ती बातमी ऐकून बेशुद्ध पडतो, विलाप करतो. ज्याच्यावर ही वेळ आली तोच आपल्या कपाळाशी उभा आहे, एवढं आत उतरलं की राखण सुरू झाली, असं मी मानते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते: आवर्तनं मोजू नका. एका दिवशी एकच नाव घ्या, त्या अवयवावर हात ठेवा, त्या नावामागची गोष्ट आठवा. हृदयाला जामदग्न्यजित् का? परशुरामाचा संताप समोर असताना न डगमगलेला तो. गुडघ्यांना सेतुकृत्, समुद्रावर पूल बांधणारा. शब्द चुकला तर पुढच्या शब्दावर जा. ‘पातु’, म्हणजे ‘रक्षण करो’, म्हणणाऱ्याची परीक्षा कुणी घेत नाही.

परवा ती आली होती. “ताई, काल म्हणताना मध्येच फोन वाजला. बहिणीचा होता. उचलला, बोलले. मग ‘जानुनी सेतुकृत्’पासून पुढे म्हटलं.”

“पहिल्यापासून नाही?”

“नाही. तिथूनच.”