एक्स्पेरिमेंटल डिझाइनला पहिल्यांदा उतरतोयस ना?

सायन्स ऑलिंपियाड या शालेय विज्ञान स्पर्धेच्या या प्रकारात दिलेल्या सामानातून तिथल्या तिथे प्रयोग आखून, करून लिहून द्यायचा असतो. जास्तीत जास्त तिघांची टीम आणि ५० मिनिटं मिळतात, त्यामुळे भारी प्रयोग शोधत बसू नकोस. दोरा आणि वॉशर मिळाले तर सरळ लंबक कर. फक्त दोऱ्याची लांबी बदल. वॉशर आणि सोडायचा कोन तोच ठेव. एकच झोका (जाऊन परत येणं म्हणजे एक) मोजू नकोस. सलग १० मोज आणि १० ने भाग, म्हणजे स्टॉपवॉच दाबतानाची चूकही भागली जाते. प्रत्येक लांबीला तीनदा तरी कर. २० सेंमीला साधारण ०.९ सेकंद येतील, ८० सेंमीला त्याच्या दुप्पट. लांबी चौपट, वेळ दुप्पट! आलेखावर हे दिसलं की मला अजूनही आनंद होतो.

आणि लिहिणाऱ्याने पहिल्या मिनिटापासून लिहायला घ्यावं. आमचा निष्कर्ष एकदा अर्धवट राहिला होता.