रात्रीच्या ‘नाही’बद्दल

प्रिय मनू,

तुझी हॅलोविनची गोष्ट वाचली. शेकोटीसाठी रचलेल्या लाकडांखाली झोपलेला छोटा हेजहॉग, त्याच्या काट्यांत अडकलेलं जादूचं पान, आणि त्या एका रात्रीपुरतं त्याला भुतांशी बोलता येणं. शेवटी भुतंच त्याला ओढून बाहेर काढतात, मग शेकोटी पेटते. फार आवडली मला. शेकोटी पेटवण्याआधी लाकडं हलवून बघावीत, आत हेजहॉग शिरलेला असतो, हे तू गोष्टीत किती छान गुंफलंस.

पण वही मिटताना तू विचारलंस, “आई, तुमच्याकडे रात्रीला सगळं नाहीच का असतं?” रात्री नखं कापायची नाहीत, शीळ घालायची नाही, केर काढायचा नाही. मी तेव्हा काहीतरी पुटपुटून भाताकडे बघायला गेले. प्रश्न मात्र लागला मनाला.

कोकणातल्या शिरोड्याला, तुझ्या आजोळी, वीज होती, पण पावसाळ्यात ती असून नसून सारखीच. कंदिलाच्या उजेडात कापलेलं नख कुठे उडालं ते दिसायचं नाही. केराबरोबर कानातलं गेलं तर गेलंच. परड्यात फुरसं निघायचं, म्हणून अंधार पडला की पडवीची पायरी उतरायची नाही. त्या घरात हे सगळं शहाणपणाचं होतं. डब्लिनमधल्या आपल्या लख्ख बाथरूममध्ये तुला रात्री नखं का कापू देत नाही, याला माझ्याकडे धड कारण नाही. आजीचा आवाज कानात आहे, एवढंच.

पण त्या घरातली रात्र रिकामी नव्हती गं. आम्ही सगळी मुलं माजघरात ओळीने झोपायचो. नानामामा कडेला, कारण तो लाथा मारायचा. निजानीज झाली की वर कौलांवर थप, थप, थप. मग एखादं कौल किंचित सरकायचं, गोधडीवर बारीक माती पडायची आणि सगळं गप्प. तो कांडेचोर. मांजराएवढा, लांब शेपटीचा, दिवसा कधी दिसणार नाही. माडावर चढून माडीच्या मडक्यात तोंड घालतो, म्हणून माडी काढणारे त्याच्या नावाने खडे फोडायचे. त्याच्या अंगाला सुवासिक भात शिजल्यासारखा वास येतो. अंधारात तो वास आला की मावशी माझा हात घट्ट धरायची. सकाळी खळ्यात अर्धवट खाल्लेला पेरू पडलेला असायचा.

आजी झोपेतच म्हणायची, “वेतोबा आसा, भियाव नको.”

आरवलीचा वेतोबा आमच्या शेजारगावचा. भुतांचा राजा, पण गावाचा राखणदार. तो रात्रभर गावाभोवती फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, असं तिथे मानतात. म्हणून लोक त्याला चामड्याच्या नव्या चपला वाहतात, आणि केळ्यांचे घड. एकेक चप्पल केवढी! आजी हात जोडून उभी असायची तेव्हा मी वाकून जुन्या चपलांचे तळ बघायची, खरंच झिजलेत का. झिजलेले वाटायचे मला. मग रात्री कौलं वाजली की मी मनाशी ठरवायची, कांडेचोर वेतोबाच्या पुढे धावतोय, कुठल्या घरातलं मूल अजून जागं आहे ते त्याला सांगायला. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितली नव्हती. लिहून काढावी असंही कधी सुचलं नाही. तुला सुचलं.

आणि ‘हो’ म्हणणारी एक रात्र आमच्याकडेही होती. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाडीतली मुलं गवत, कागद आणि फटाके घालून नरकासुर करायची, रात्रभर मिरवायची आणि पहाटे जाळायची. नानामामा जायचा. मावशी आणि मी पडवीतून बघायचो. मुलींनी रात्री बाहेर जायचं नाही. या ‘नाही’ची बाजू मला आजही घेता येत नाही, आणि तुझ्यासमोर घेणारही नाही. पहाटे मात्र तुळशीपाशी कारीट फोडायला सगळ्यांच्या आधी मी हजर असायची. मग उटणं, अंघोळ आणि पोह्यांचे तऱ्हेतऱ्हेचे प्रकार.

2024 साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, 31 ऑक्टोबरला. सकाळी उटणं, संध्याकाळी तुझा चेटकिणीचा झगा. मला त्यात काही विसंगत वाटलं नाही. इथले जुने लोकही त्या रात्री भुतांनी ओळखू नये म्हणूनच सोंगं घ्यायचे आणि सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे; भोपळा आला तो अमेरिकेतून. भीती त्यांनाही होती. त्यांनी तिचा खेळ केला, तुझ्या आजीने तिच्यावर राखणदार नेमला. मला दोन्ही आवडतं. तुला हेजहॉगच जवळचा वाटला तर वाटू दे, कांडेचोर मी तुझ्या गोष्टीत घुसवणार नाही.

नखं तू आजपासून रात्री काप. शिटीचं मला अजून जमेल असं वाटत नाही, थोडं सांभाळून घे.

रविवारी आजीला फोन करू तेव्हा वेतोबाच्या चपलांचं तूच विचार. ती माझ्यापेक्षा रंगवून सांगेल, पण मालवणीत सांगेल. एखादा शब्द अडला तर मी शेजारी बसलेली असेनच.

तुझी,
आई